अंगावर धातू नाही, असे लिहून देणारी माणसे

जुन्या क्ष-किरण फिल्म ठरावीक वर्षांनी मोडीत काढाव्यात, असा आमच्या विभागात नियम आहे. किश्श्यांबाबत तसा नियम नाही, म्हणून ते साठत जातात. फिल्मना निदान कपाट तरी आहे. किस्से मात्र डबा खाताना, लिफ्टची वाट पाहताना एकावर एक रचले जातात, आणि बदली होऊन गेलेला माणूस स्वतःचा चहाचा कप घेऊन जातो, किस्से इथेच ठेवून जातो.

मी भोपाळच्या एका रुग्णालयात रेडिओलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण घेते. रुग्णालयाचे नाव सांगत नाही, कारण त्यासाठी अर्ज करावा लागेल. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण सरकारी कारखान्यांच्या वसाहतींतले असतात. कोणी नोकरीत, कोणी निवृत्त. मी स्वतः अशाच वसाहतीत वाढले. त्यामुळे टेबलावर झोपलेली व्यक्ती मला 'डॉक्टर' म्हणेलच, याची खात्री नसते. "अगं, तू सी-टाइप क्वार्टरमधली रेवा ना? केवढीशी होतीस!" असे म्हणणाऱ्या माणसाला "पोट आत ओढा" हे सांगणे अवघड जाते.

पहिल्या वर्षी विभागप्रमुख सरांनी मला एक काम दिले. तपासणीला येण्याआधी रुग्णाला काय माहीत असावे, ते एका पानावर लिहायचे. मराठीत आणि हिंदीत. दहा ओळींत.

"दहाच," सर म्हणाले. "अकरावी कोणी वाचत नाही."

मी दहा ओळी लिहिल्या, आणि एखाद्या सामान्य वाचकाला दाखवाव्यात म्हणून ठोसर काकांकडे घेऊन गेले. काका माझ्या बाबांचे मित्र. कारखान्याच्या मशीन शॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि आनंद नगरात घर बांधून राहिले. त्यांच्या बैठकीत, देवांच्या तसबिरीशेजारी, एक काळी पाटी आहे. वर रंगाने लिहिले आहे: 'दुर्घटना-रहित दिवस'. खाली खडूने आकडा: २९११.

ही पाटी त्यांच्या शॉपच्या दाराशी होती. रोज सकाळी भोंग्याच्या आधी काका स्वतः आकडा एकाने वाढवत. शॉपमध्ये कोणाला जरा जरी इजा झाली आणि तिची रजिस्टरमध्ये नोंद झाली, की आकडा पुसून शून्य! काका निवृत्त होईपर्यंत तो शून्य झाला नाही, म्हणून निरोपाच्या दिवशी शॉपने पाटीच त्यांना भेट दिली. चार आकडी संख्या मी या पाटीवर वाचायला शिकले. काकूंना ती पुसायची परवानगी नाही; त्या फक्त चौकट पुसतात.

काकांनी माझे पत्रक लाल पेन घेऊन वाचले. "'शक्यतो' काढून टाक," ते म्हणाले. "'शक्यतो' लिहिलं की आमचा माणूस करत नाही."

पत्रकासोबत जोडलेल्या एमआरआयच्या प्रश्नावलीत 'डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का?' हा प्रश्न सातवा होता. काकांनी कारण विचारले. मी सांगितले की एमआरआय म्हणजे प्रचंड चुंबक; तो सदैव चालू असतो; आत लोखंडाचा बारीक कण जरी राहिला असेल तरी तो हलू शकतो आणि डोळा जाऊ शकतो.

काकांनी सातच्या आकड्याभोवती लाल गोल काढला. मग म्हणाले, "हा पहिला घे. आणि ग्राइंडिंग, वेल्डिंग, लेथ-खराद अशी नावं घाल. आमच्या लोकांसाठी हाच प्रश्न महत्त्वाचा."

मी तसे केले. पत्रक छापले. आणि त्यानंतर लोक येऊ लागले.

*

पहिले गृहस्थ कारखान्याच्या उत्पादन-नियोजन विभागातून निवृत्त झालेले. ओटीपोटाची सोनोग्राफी होती. तिला मूत्राशय भरलेले लागते, म्हणून पत्रकात लिहिले होते: 'एक तास आधी चार-पाच ग्लास पाणी प्यावे व लघवीस जाऊ नये.'

ते आलेखाचा कागद घेऊन आले! आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर ग्लास. आठ वाजून पाच मिनिटांनी पहिला, सव्वाआठला दुसरा. शेवटी एक बाण, आणि बाणाच्या टोकाशी: 'तपासणी, ९.१५.'

सव्वानऊला ते हजर होते. आम्ही नव्हतो, म्हणजे होतो, पण आत एक तातडीचा रुग्ण होता. साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. गृहस्थ बाकावर गुडघे जुळवून, छताकडे पाहत बसले होते. मी बाहेर येऊन दिलगिरी व्यक्त केली आणि आणखी दहा मिनिटे थांबता येईल का, असे विचारले.

त्यांनी मान न हलवता उत्तर दिले. "मॅडम, माल केव्हाचा तयार आहे. डिस्पॅच तुमच्याकडे अडलंय!"

त्या संध्याकाळी मी पत्रकात भर घातली: 'मूत्राशय भरल्याची भावना झाल्यास खिडकीवर सांगावे. संकोच करू नये.' अकरा ओळी झाल्या.

*

आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ चौबेजी. या विभागात त्यांची निम्मी हयात गेली आहे. आपल्याला आता कशाचेच आश्चर्य वाटत नाही, असे ते सांगतात. हा किस्सा त्याला अपवाद.

कारखान्यात माणसांचेच नव्हे, वेल्डिंगच्या सांध्यांचेही एक्स-रे काढतात. आत पोकळी राहिली आहे का, ते पाहायला. त्या वेळी लाल दिवा लागतो, घंटी होते, आणि सगळ्यांनी तिथून बाहेर पडायचे असते. अशा ठिकाणी तीस वर्षे काढलेले एक काका छातीच्या एक्स-रेसाठी आले. चौबेजींनी त्यांना उभे केले, हनुवटी टेकवली, खांदे पुढे घेतले, आणि स्वतः शिशाच्या काचेमागे गेले. दारावरचा लाल दिवा लागला.

"सांस भरिए... रोकिए!" चौबेजी म्हणाले, आणि बटण दाबण्यापूर्वी शिस्तीप्रमाणे काचेतून पाहिले.

समोर कोणीच नव्हते.

चौबेजींनी मागे वळून पाहिले. काका त्यांच्या शेजारी उभे होते. छाती फुगवून. श्वास रोखून!

"अरे भाईसाहब, फोटो आपका निकलना है!"

काकांनी श्वास सोडला. "लाल बत्ती में अंदर कौन रुकता है, भैया?"

काका चौथ्या प्रयत्नात आत थांबले, तेही चौबेजींनी दारावरच्या दिव्याला रुमाल बांधल्यावर.

*

'जुन्या फिल्म व अहवाल सोबत आणावेत' ही ओळ मी अगदी विचारपूर्वक लिहिली होती. फुप्फुसावरचा डाग आजचा आहे की दहा वर्षांपूर्वीचा, हे जुनी फिल्म पाहिल्याशिवाय कळत नाही. डाग जुना आणि तेवढाच असेल, तर पुष्कळदा पुढच्या तपासण्या आणि घरच्यांची झोपमोड, दोन्ही वाचतात.

अशाच एका डागासाठी एक गृहस्थ आले. क्वार्टरमध्ये राहणारे, नोकरीची दोन वर्षे शिल्लक. मी विचारले, "आधी कधी छातीचा एक्स-रे काढला होता?"

"होता ना. आठ-नऊ वर्षं झाली."

"ती फिल्म आहे?"

"आहे. रोज बघतो."

मला कौतुक वाटले. "मग आणली का नाहीत?"

"ती बाथरूमच्या खिडकीला आहे, मॅडम. काच फुटली होती. मेंटेनन्सकडे तक्रार केलीय, येतील म्हणाले. तोवर फिल्म लावली. काढली तर मंडळी आंघोळीला जाणार नाहीत."

मी समजावले की निदानासाठी ती अत्यंत आवश्यक आहे, आणि तात्पुरता पुठ्ठा लावता येईल. त्यांनी विचार करतो म्हटले.

दुसऱ्या दिवशी दोन माणसे आमच्या दारातून एक लाकडी झडप आडवी करून आत घेऊन आली. चौकट, कडी, बिजागऱ्या, सगळे होते. मधोमध गृहस्थांची छाती!

"खिळे काढले असते तर फाटली असती," गृहस्थ म्हणाले.

आम्ही ती झडप प्रकाशपेटीसमोर धरली. फिल्म उन्हाने पिवळी पडली होती, पण डाग दिसत होता. तोच, तेवढाच. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नीने पदर डोळ्यांना लावला. चौबेजींनी बिजागऱ्यांना तेल हवे असल्याचा अभिप्राय दिला.

*

एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही, हे लोकांना पटते. आपल्या अंगावर धातू आहे, हे पटत नाही.

मंगळसूत्राचा प्रश्न चौबेजींनी माझ्या आधीच सोडवला होता. मराठी बायका गळा रिकामा ठेवायला तयार नसतात, हे लक्षात आल्यापासून त्यांच्या खणात दोऱ्यात ओवलेली हळकुंडे असतात. "पहन लीजिए माताजी, मशीन हल्दी से नाराज़ नहीं होती." स्वतः कान्यकुब्ज ब्राह्मण, पण या बाबतीत वसाहतीतल्या कोणत्याही सासूपेक्षा अधिक काटेकोर.

तर एक काकू आल्या. हळकुंड बांधले. बांगड्या, जोडवी, केसांतले आकडे काढले. रुग्णालयाचा झगा घालून बाहेर आल्या. 'अंगावर धातू नाही' यावर सही केली. मी पुन्हा विचारले. "काहीही नाही गं बाई," त्या म्हणाल्या.

चौबेजींनी धातू शोधायचे यंत्र अंगाजवळून फिरवले. ते पाठीपाशी ओरडले. कमरेपाशी ओरडले. खांद्यापाशी तर थांबेचना.

"काकू, धातू आहे!"

"धातू कुठला? पिना आहेत." त्यांनी पाठ वळवून दाखवली. "तुमच्या झग्याला नाड्याच नव्हत्या. मी सोय केली."

सात सेफ्टी पिना निघाल्या. काकूंनी त्या मोजून घेतल्या, त्यांतल्या दोन माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाल्या, "या राहू दे. पुढच्या बाईचा झगाही असाच असेल."

त्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या. झग्यांना नाड्या लावून घेतल्या. आणि पत्रकात बारावी ओळ लिहिली: 'सर्व प्रश्न घरच्या व्यक्तीसमोर तोंडी पुन्हा विचारले जातील.' सरांनी भुवई उंचावली, पण सही केली.

*

एमआरआय यंत्र फार आवाज करते. ठोकल्यासारखे, खरवडल्यासारखे. आम्ही कानांत बोळे देतो, हातात घंटीचा फुगा देतो, घाबरू नका म्हणून सांगतो.

मंडीदीपच्या एका कारखान्यात घणाच्या यंत्रावर आयुष्य काढलेले एक आजोबा आले. आवाज सुरू झाला आणि ते तत्काळ झोपले. घोरू लागले! अशी स्थिर प्रतिमा आम्हाला क्वचितच मिळते. मी समाधानाने पाहत होते.

पहिला टप्पा संपला. यंत्र थांबले. दोन टप्प्यांच्या मध्ये काही क्षण शांतता असते.

आजोबा दचकून उठले आणि त्यांचे डोके वरच्या चौकटीवर आपटले. "काय झालं? बंद का पडलं?"

मी माइकवरून सांगितले, बंद पडलेले नाही, पुन्हा सुरू होईल. ते आडवे झाले. यंत्र सुरू झाले. घोरणे सुरू झाले. यंत्र थांबले. आजोबा उठले. "बघा, परत! मी म्हणत होतो!"

तीस वर्षे ज्या माणसाच्या आयुष्यात शांतता म्हणजे बिघाड होता, त्याला शांत पडून राहा असे सांगून उपयोग नसतो. शेवटी चौबेजी माइकशी बसले आणि प्रत्येक शांततेत हलक्या आवाजात म्हणत राहिले, "चाय का टाइम है, बाबूजी, चाय का टाइम है."

आजोबा हलले नाहीत. तपासणी पूर्ण झाली. बाहेर येताच त्यांनी चहा कुठे आहे म्हणून विचारले.

*

आता शेवटचा. हा मी ठोसर काकांच्या परवानगीने सांगते. परवानगी तोंडी आहे. लेखी मागू नकोस, म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात काकांच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. बोटांतला जोर कमी झाला. एकदा कप हातातून निसटला, आणि तो का निसटला हे काकूंना सांगण्याऐवजी काकांनी कपाच्या कानाला नावे ठेवली. डॉक्टरांनी मानेचा एमआरआय सांगितला.

सोमवारी सकाळी दोघे आले. प्रश्नावली घरूनच भरून आणली होती. प्रत्येक उत्तर 'नाही', पट्टी लावून आखल्यासारखे. पहिल्या प्रश्नापुढेही 'नाही'.

बाराव्या ओळीप्रमाणे मी काकूंसमोर पुन्हा विचारायला सुरुवात केली.

"काका, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता?"

"नाही."

"ग्राइंडिंगवर? खरादावर?"

"रेवा, तो प्रश्न मीच वर घ्यायला लावलाय. नाही म्हणजे नाही."

चौबेजींनी एमआरआयच्या खोलीचे दार उघडले. काकू बाजूला उभ्या होत्या. हातात काकांचा चष्मा, घड्याळ, स्वेटर. त्या म्हणाल्या, "अहो, आणि ते तुमचे डोळे आले होते, तेव्हा?"

"डोळे आले होते. साथ होती."

"कुठली साथ? अख्ख्या वसाहतीत तुम्ही एकटे! आणि तेही एकाच डोळ्याला!"

चौबेजींनी दार पुन्हा लावून घेतले. "आराम से बात कर लीजिए," ते म्हणाले.

"काका," मी म्हटले.

"रजिस्टर बघ," काका म्हणाले. "त्या दिवशी शॉपमध्ये काहीही झालेलं नाही."

"काका, चुंबक रजिस्टर बघत नाही."

काका बाकावर बसले. डावा हात उजव्या हातावर ठेवला. मग सांगू लागले, माझ्याकडे न पाहता, समोरच्या भिंतीकडे पाहून. ग्राइंडिंग चालू होते. घाम पुसायला त्यांनी गॉगल क्षणभर वर केला. शेजारच्या माणसाने रुमालाच्या टोकाने कण काढला. पाटीवर दोन हजार व्हायला चार दिवस उरले होते.

"प्रथमोपचार खोलीत गेलो असतो तर नोंद झाली असती. चाळीस माणसांनी पाच वर्षं आपापली बोटं सांभाळली होती, रेवा. फोरमनच्या एका डोळ्यासाठी शून्य करू?"

"कण पूर्ण निघाला होता?"

"निघाला असणार."

"असणार?" काकू म्हणाल्या. "मला म्हणाले, साथ आहे, जवळ येऊ नको. चार दिवस मी ताट लांबून सरकवलं!"

मी आधी डोळ्यांचा एक्स-रे काढायचे ठरवले. चौबेजींनी फिल्म आणून प्रकाशपेटीवर लावली. उजव्या डोळ्याच्या खोबणीत एक पांढरा ठिपका होता. तिळाहून लहान, आणि कोणत्याही हाडापेक्षा ठळक.

काकांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"ही फिल्म माझीच आहे ना, ते नीट बघितलंस?"

"तुमचीच, काका. नाव आहे, बाजूची खूण आहे."

"अहवालात लिहिणार?"

"लिहावंच लागेल."

"तारीख?"

"आजची."

त्यांनी मान हलवली. उघड्या असलेल्या दारातून पलीकडे त्या मोठ्या पांढऱ्या यंत्राच्या खोलीचे बंद दार दिसत होते. काकूंनी ते पाहिले आणि काकांचा स्वेटर छातीशी घट्ट धरला.

एमआरआय रद्द झाला. नेत्रतज्ज्ञांनी तपासले: कण नेत्रगोलाच्या बाहेर, हाडालगत बसलेला, दृष्टी शाबूत, त्याला छेडू नये, आणि एमआरआयच्या खोलीत कधीही पाऊल टाकू नये. मानेचा सीटी स्कॅन केला. त्यात वाढलेले हाड मज्जातंतूवर दाब देताना दिसले, आणि त्यावर उपचार सुरू झाले.

गुरुवारी मी अहवाल द्यायला आनंद नगरला गेले. सोबत एक छोटे कार्डही नेले होते, पाकिटात कायम ठेवण्यासाठी: 'डोळ्यात धातू. एमआरआय करू नये.' काकांनी ते वाचले, आणि 'शक्यतो' कुठे नाही ना, ते पाहून खिशात ठेवले.

मग माझे लक्ष भिंतीकडे गेले.

पाटी तिथेच होती. २९११ नव्हते. ओल्या फडक्याने पुसल्याचा फिकट पट्टा दिसत होता, आणि त्यावर जोर कमी पडलेल्या हाताने, वाकड्या अक्षरात, खडूने लिहिलेले होते: ०००३.

मी पाटीकडे पाहिले, काकूंकडे पाहिले. काकूंनी माझ्या हातात चहाचा कप दिला.

"बशीत ओतून घे," काका म्हणाले. "कप गरम आहे. आत्ता कुठे तीन दिवस झालेत."